केंद्रकाचे अस्तर : वनस्पतिपेशींतील रचनात्मक प्रथिनांच्या शोधाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

पेशीच्या केंद्रकाविषयी लिहिताना आपण बहुधा त्यातील आनुवंशिक द्रव्याविषयीच लिहितो. केंद्रक म्हणजे डीएनए साठविण्याचे पात्र, आणि पात्रापेक्षा आतील द्रव्य महत्त्वाचे, असा काहीसा ग्रह पाठ्यपुस्तकांनीही रूढ केला आहे. तथापि या पात्रास आकार आहे, तो आकार पेशीपरत्वे बदलतो, आणि त्या बदलण्यात नियम आहे. ॲराबिडॉप्सिस या लहानशा रोपाच्या मुळाग्राशी असलेल्या कोवळ्या पेशींत केंद्रक गोल असते. त्याच मुळाच्या पक्व, लांबट पेशींत ते चातीसारखे निमुळते होते. वाढीबरोबर ज्या वस्तूचा आकार नियमाने बदलतो, त्या वस्तूच्या आत आकार राखणारी आणि आकार बदलू देणारी काही रचना असलीच पाहिजे. ती रचना कोणत्या द्रव्याची, हा प्रश्न आहे.

प्राणिपेशींच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले. केंद्रकाच्या दुहेरी आवरणाच्या आतल्या बाजूस तंतूंचे एक पातळ जाळे असते. इंग्रजीत त्यास लॅमिना म्हणतात, येथे आपण त्यास अस्तर म्हणू. हे अस्तर लॅमिन नावाच्या प्रथिनांचे असते. वनस्पतिपेशींत लॅमिन नाहीत. अस्तर मात्र आहे. या दोन विधानांपैकी पहिले निश्चित होण्यास आणि दुसऱ्याचा अर्थ उलगडण्यास संशोधकांना अनेक दशके लागली. हा विलंब केवळ साधनांच्या उणिवेमुळे झाला नाही. प्रश्न ज्या शब्दांत विचारला गेला त्या शब्दांचाही त्यात वाटा होता, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. वनस्पतींत अस्तर कशाचे आहे असे न विचारता, वनस्पतींतील लॅमिन कोणते, असे दीर्घकाळ विचारले गेले.

२. ऑर्किडपासून उंदराच्या यकृतापर्यंत

केंद्रकास नाव मिळाले ते वनस्पतींच्या अभ्यासातून. रॉबर्ट ब्राउन यांनी ऑर्किड व रुई या कुलांतील वनस्पतींच्या फलनाविषयीचा आपला निबंध १८३१ च्या नोव्हेंबरात लंडनच्या लिनीअन सोसायटीपुढे वाचला. त्यात ऑर्किडांच्या अपित्वचेतील प्रत्येक पेशीत एक वर्तुळाकार, काहीसा अपारदर्शक ठिपका दिसतो, असे त्यांनी नोंदविले आणि त्यास न्यूक्लिअस ही संज्ञा योजिली. असे ठिपके फ्रान्झ बाउअर या चित्रकाराने त्यापूर्वीच चितारले होते. परंतु ही सर्वत्र आढळणारी रचना आहे हे ओळखण्याचे श्रेय ब्राउन यांचे. पुढे १८३८ मध्ये श्लायडेन यांनी आपला पेशीविषयक विचार मांडला तोही याच केंद्रकाभोवती.

अशा रीतीने वनस्पतिशास्त्राच्या अंगणात जन्मलेला हा विषय विसाव्या शतकात मात्र प्राणिपेशींच्या प्रयोगशाळेत गेला, आणि त्याची कारणे अगदी व्यावहारिक होती. रचनात्मक प्रथिने अभ्यासावयाची तर प्रथम शुद्ध केंद्रके विपुल प्रमाणात हाती यावी लागतात. उंदराचे यकृत मऊ असते. ते वाटून घेऊन अपकेंद्री यंत्रात फिरविले असता केंद्रके सहज वेगळी होतात. वनस्पतिपेशीस कठीण भित्ती असते. ती फोडण्याइतका जोर लावावा तर केंद्रकेही फुटतात. रसधानी फुटली की तिच्यातील प्रथिनभंजक एंझाइमे आणि फिनॉलयुक्त द्रव्ये नमुन्यात मिसळतात, आणि पिष्ठकण केंद्रकांबरोबरच तळाशी बसतात. एंझाइमांनी पेशीभित्ती विरघळविण्याची व पेशी द्रवमाध्यमात वाढविण्याची तंत्रे रुळेपर्यंत वनस्पतींच्या केंद्रकावर रासायनिक काम करणे हे चिकाटीचे काम होते.

केंद्रकातून विद्राव्य द्रव्ये काढून टाकल्यावर काही प्रथिनमय अवशेष उरतो, ही गोष्ट १९४८ मध्ये झ्बार्स्की व देबोव या सोव्हिएत संशोधकांनी दाखविली होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पृष्ठवंशी प्राण्यांच्या काही पेशींत आवरणाच्या आतल्या बाजूस तंतुमय थर असल्याचे डॉन फॉसेट यांनी १९६६ मध्ये वर्णिले. बेरेझनी व कॉफी यांनी १९७४ मध्ये उंदराच्या यकृतातील केंद्रकांवर अपक्षालक, तीव्र लवणद्रावण आणि डीएनए विघटित करणारे एंझाइम यांची क्रिया करून जो सांगाडा मिळविला, त्यास त्यांनी केंद्रकीय मॅट्रिक्स म्हटले. या मॅट्रिक्सविषयी मोठा वाद झाला. इतक्या तीव्र प्रक्रियेनंतर जे उरते ते जिवंत केंद्रकात तसेच असते, की प्रक्रियेमुळेच प्रथिने एकमेकांस चिकटून जाळे तयार होते, ही शंका केंद्रकाच्या अंतर्भागातील मॅट्रिक्सविषयी पूर्णपणे मिटली नाही.

परिघावरील अस्तराची कथा निराळी. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ॲरन्सन व ब्लोबेल यांनी केंद्रकरंध्रांसह हे अस्तर अखंड वेगळे काढले. १९७८ मध्ये गेरास, ब्लम व ब्लोबेल यांनी त्यातील तीन प्रमुख प्रथिने प्रतिपिंडांच्या साहाय्याने केंद्रकाच्या परिघावर दाखविली. हीच लॅमिन ए, बी व सी. १९८६ मध्ये या प्रथिनांचा ॲमिनो अम्लक्रम वाचला गेला, तेव्हा त्यांचे नाते केस व त्वचा यांतील केराटिनाशी, म्हणजे पेशीतील मध्यम जाडीच्या तंतूंच्या कुलाशी जुळले. येथपर्यंत प्राणिपेशीचे चित्र स्वच्छ झाले : अस्तर आहे, ते लॅमिनांचे आहे, आणि लॅमिन एका परिचित प्रथिनकुलातील आहेत. पुढे १९९९ नंतर लॅमिन ए च्या जनुकातील दोषांचा संबंध स्नायूंच्या व अकाली वार्धक्याच्या विकारांशी जोडला गेला आणि या संशोधनास वैद्यकाचे पाठबळ मिळाले. वनस्पतींच्या बाजूस असे पाठबळ नव्हते.

३. साम्याचा शोध

हे चित्र डोळ्यांपुढे ठेवूनच वनस्पतींच्या केंद्रकाकडे पाहिले जावे, हे स्वाभाविक होते. १९९१ मध्ये ॲलिसन बेव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाजराच्या केंद्रकीय मॅट्रिक्सविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांच्या आधारे मध्यम तंतूंशी संबंधित घटक केंद्रकात असल्याचे प्रतिपादिले. १९९२ मध्ये मॅकनल्टी व साँडर्स यांनी वाटाण्याच्या केंद्रकातील तंतुघटक शुद्ध करून वनस्पतींत लॅमिन असल्याचा पुरावा मांडला. १९९३ मध्ये माद्रिदच्या मिंगेस व मोरेनो दिआस दे ला एस्पिना यांनी कांद्याच्या पेशींत लॅमिनविरोधी प्रतिपिंडे केंद्रकाच्या सांगाड्यास चिकटतात असे दाखविले. तीन निरनिराळ्या वनस्पती आणि तीन निरनिराळ्या प्रयोगशाळा. दिशा मात्र एकच. वनस्पतींत लॅमिन आहेत, त्यांचा क्रम तेवढा वाचावयाचा राहिला आहे, अशी समजूत त्या काळी झाली असल्यास नवल नाही.

या पुराव्याचे स्वरूप नीट समजून घेणे विद्यार्थ्यांस आजही उपयुक्त आहे. प्रतिपिंड संपूर्ण प्रथिन ओळखत नाही. प्रथिनाचा एक लहानसा भाग ओळखतो. १९८१ मध्ये प्रस व सहकाऱ्यांनी असे एक प्रतिपिंड वर्णिले होते की, जे मध्यम तंतूंच्या सर्व वर्गांस समान असणारा एक भाग ओळखते. असे प्रतिपिंड एखाद्या अनोळखी प्रथिनास चिकटले, तर त्या प्रथिनात तसा भाग असण्याचा संभव आहे एवढेच सिद्ध होते; ते प्रथिन त्याच कुलातील आहे हे सिद्ध होत नाही.

येथे आणखी एक अडचण आहे. लॅमिनचा मधला दांडा दोन आल्फा-सर्पिले दोरीच्या पेडांप्रमाणे एकमेकांभोवती वळून तयार झालेला असतो. असा पीळ बसण्यासाठी ॲमिनो अम्लांच्या साखळीत दर सात घटकांमागे ठराविक दोन जागी, पहिल्या व चौथ्या, जलविरोधी घटक यावे लागतात. हा साताचा ठेका मायोसिनाच्या शेपटीत आहे, ट्रोपोमायोसिनात आहे, केराटिनात आहे आणि लॅमिनातही आहे. ज्या ज्या प्रथिनास लांब, बळकट दांडा हवा, तेथे तो पुन्हापुन्हा आढळतो. म्हणून दोन पीळदार प्रथिनांत दिसणारे अंधुक साम्य हे समान पूर्वजाचे चिन्ह असू शकते, तसेच समान गरजेचेही असू शकते. प्रतिपिंडास हा भेद कळत नाही.

डिसेंबर २००० मध्ये ॲराबिडॉप्सिसचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा शंकेस जागा उरली नाही. त्यात प्राण्यांच्या लॅमिनाशी वंशसंबंध दाखविणारे जनुक आढळले नाही. केवळ अभाव हा तसा दुबळा पुरावा. क्रम फार बदलला असेल तर नाते लपूनही राहू शकते. परंतु या वेळेपर्यंत दुसऱ्या बाजूने एक सकारात्मक पुरावा येऊन पडलेला होता, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नव्हते.

४. गाजरातील प्रथिन

हा पुरावा जपानमधून आला. कियोशी मासुदा व त्यांचे सहकारी गाजराच्या संवर्धित पेशींतील केंद्रकांच्या परिघीय सांगाड्याचा अभ्यास करीत होते. लॅमिनाशी जुळते काय, या प्रश्नापाशी ते थांबले नाहीत. सांगाड्यात प्रत्यक्ष जे प्रथिन आहे त्याचे जनुक मिळवून त्यांनी त्याचा संपूर्ण क्रम वाचला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच हे प्रथिन नवीन असल्याचे आणि त्यात लांब आल्फा-सर्पिल भाग अपेक्षित असल्याचे म्हटले होते. त्यास त्यांनी केंद्रकीय मॅट्रिक्सचे घटक-प्रथिन क्रमांक १ असे अनलंकृत नाव दिले. त्याची आद्याक्षरे एनएमसीपी-१.

या प्रथिनाची बांधणी पाहिली असता साम्य व भेद दोन्ही उठून दिसतात. लॅमिनाप्रमाणेच यास मध्ये पीळदार दांडा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंस पीळ नसलेले टोकाचे भाग आहेत. केंद्रकात नेले जाण्याची खूण आहे. पेशीविभाजनाच्या वेळी फॉस्फेट जोडले जाऊ शकेल अशा जागा दांड्याच्या टोकांजवळ आहेत. लॅमिनांचे जाळे विभाजनाच्या वेळी अशाच फॉस्फेट-जोडणीने सुटे होते. येथवर साम्य. परंतु दांड्याची लांबी लॅमिनाच्या दांड्याच्या दुपटीहून अधिक आहे; प्रथिनाचे रेणुवजन लॅमिन ए च्या सुमारे ७० किलोडाल्टनांच्या तुलनेत १३० किलोडाल्टनांच्या आसपास भरते; आणि ॲमिनो अम्लक्रमात लॅमिनाशी वंशाचे नाते सांगावे असे काही नाही. पेशी विभागत असता आवरण मोडते तेव्हा हे प्रथिन परिघ सोडते आणि कन्यापेशींत केंद्रक पुन्हा बांधले जात असता परत परिघावर येते, हेही पुढील कामातून दिसून आले.

थोडक्यात, लॅमिनाचे काम करण्यास सर्वथा योग्य, पण लॅमिन नसलेले असे हे प्रथिन होते. तरीही या निबंधानंतर सुमारे दहा वर्षे त्याच्या कार्याचा उलगडा झाला नाही. प्रथिन परिघावर आहे हे दाखविणे निराळे, आणि ते नसेल तर केंद्रकाचे काय होते हे दाखविणे निराळे. दुसऱ्या गोष्टीसाठी गाजर सोयीचे नव्हते.

५. लहान केंद्रके, खुजी रोपे

ती सोय ॲराबिडॉप्सिसने पुरविली. गाजरातील प्रथिनाशी समजात अशी चार जनुके त्याच्या जीनोममध्ये आहेत. २००७ मध्ये ट्रॅव्हिस डिटमर, एरिक रिचर्ड्स व सहकाऱ्यांनी त्यांपैकी दोन जनुके निकामी झालेली रोपे अभ्यासली. एकेका जनुकाच्या अभावात परिणाम मर्यादित होता. दोन्हींच्या अभावात केंद्रके स्पष्टपणे लहान झाली आणि रोपेही खुजी राहिली.

या निष्कर्षाचे महत्त्व केवळ आकारापुरते नाही. केंद्रकाचे आकारमान त्यातील डीएनएच्या राशीवर अवलंबून असते, हा पेशीशास्त्रातील जुना व बहुतांशी खरा सिद्धान्त. वनस्पतींत विभाजनाशिवाय डीएनएची पुनरावृत्ती होऊन केंद्रके मोठी होतात, हे त्याचे नित्याचे उदाहरण. या रोपांत मात्र केंद्रके लहान झाली ती डीएनए तेवढ्या प्रमाणात घटल्यामुळे नव्हे. तेच द्रव्य कमी जागेत दाटीने बसले होते. म्हणजे पात्राचा आकार ठरविण्यात आतील द्रव्याइतकाच पात्राच्या बांधणीचाही हात असतो, हे प्रयोगाने सिद्ध झाले.

२०१३ मध्ये या विषयावर तीन महत्त्वाची कामे प्रसिद्ध झाली. साकामोतो व ताकागी यांनी केंद्रकाच्या अस्तराचा अंश वेगळा काढून त्यातील प्रथिने ओळखली आणि चारांपैकी पहिले व चौथे जनुक केंद्रकाच्या आकारास आवश्यक असल्याचे दाखविले. ती नसता पक्व पेशींतील केंद्रक चातीसारखे न होता गोलच राहते. वांग, डिटमर व रिचर्ड्स यांनी चारही जनुकांच्या निरनिराळ्या जोड्या तपासल्या. त्यांच्या रोपांत क्रोमॅटिनाचे घट्ट पुंजके आपली नेहमीची मांडणी सोडून कधी एकत्र येत, कधी विखुरत. आणि चारही जनुकांचा अभाव असलेले रोप जगू शकत नाही, असे दिसून आले. तिसरे काम माद्रिदच्या सिस्का व मोरेनो दिआस दे ला एस्पिना यांचे, मासुदा यांच्या सहकार्याने झालेले. त्यांनी कांद्यातील याच प्रथिनाचे वर्णन केले आणि अनेक वनस्पतींतील क्रम ताडून त्यांचे दोन गट ठरविले. वीस वर्षांपूर्वी ज्या प्रयोगशाळेने कांद्यात लॅमिन शोधले होते, तिनेच कांद्याच्या अस्तरातील या निराळ्या प्रथिनाची ओळख पटवून दिली, ही गोष्ट त्या प्रयोगशाळेच्या सचोटीस शोभणारी आहे. आधीचे कामही वाया गेले असे म्हणता येणार नाही; सांगाडा वेगळा काढण्याच्या ज्या पद्धती त्या काळात घडल्या, त्यांवरच पुढील काम उभे राहिले.

६. नावांचा गोंधळ आणि सोबतची प्रथिने

या प्रथिनांच्या नावांचा इतिहासही बोधप्रद आहे. डिटमर व रिचर्ड्स यांनी २००७ मध्ये आपल्या जनुकांस इंग्रजीतील 'लहान केंद्रके' या शब्दांवरून लिंक असे संक्षिप्त नाव दिले. परंतु केंद्रकाचा सांगाडा आणि पेशीद्रवातील सांगाडा यांना जोडणाऱ्या प्रथिनसंकुलासही २००६ पासून नेमके हेच संक्षिप्त नाव रूढ झालेले होते. एकाच आवरणाच्या आत-बाहेर वावरणाऱ्या दोन निराळ्या वस्तूंस एकच नाव, ही आपत्तीच. म्हणून २०१३ मध्ये वनस्पतींतील प्रथिनांचे नाव बदलून 'दाटलेली केंद्रके' या अर्थी क्राउन असे करण्यात आले. जुने निबंध वाचताना विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे. नाही तर एकाचे गुण दुसऱ्यास चिकटतात.

ज्या जोडणाऱ्या संकुलाचा वर उल्लेख आला, तेही वनस्पतींत आहे, आणि त्याची कथा अस्तराच्या कथेशी तुलना करण्याजोगी आहे. या संकुलाचा आतील आवरणातील अर्धा भाग सन नावाच्या प्रथिनांचा असतो. हे प्रथिन वनस्पती व प्राणी या दोहोंत वंशाने एकच आहे. ग्राउमान, रनियन्स व इव्हान्स यांनी २०१० मध्ये ॲराबिडॉप्सिसमधील सन प्रथिनांचे वर्णन केले. परंतु बाहेरच्या आवरणातून त्यास येऊन मिळणारे जोडीदार प्रथिन मात्र वनस्पतींत निराळे निघाले, हे आयरिस मायर यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखविले. एकाच यंत्राचा एक भाग वारशाने आलेला आणि दुसरा स्वतंत्रपणे घडलेला, असा हा प्रकार आहे. २०१४ मध्ये ग्राउमान यांनी सन व अस्तराचे प्रथिन यांचा संबंध दाखविला. त्याच वर्षी क्योटो येथील गोतो, तामुरा, हारा-निशिमुरा व सहकाऱ्यांनी अस्तरातील आणखी एक प्रथिन शोधले. त्याचे नाव काकू-४. जपानी भाषेत काकू म्हणजे केंद्रक. हे केवळ वनस्पतींत आढळणारे प्रथिन क्राउन प्रथिनांशी जोडले जाते. त्याच्या अभावी केंद्रक गोल होते आणि अतिरेकाने केंद्रकाचे आवरण विकृत होते.

७. वंश आणि कार्य

अस्तराचे जाळे प्रत्यक्ष दिसते काय, याचे उत्तर २००९ मध्ये फिशेरोव्हा, किसेलेव्हा व गोल्डबर्ग यांनी दिले. तंबाखूच्या संवर्धित पेशींतील केंद्रकावरणाच्या आतल्या पृष्ठभागावर त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तंतूंचे जाळे दिसले, आणि ते बेडकाच्या अंडपेशीतील लॅमिनांच्या जाळ्यासारखे होते. २०२१ मध्ये मासुदा यांच्या गटाने या कुलातील दोन्ही प्रकारची प्रथिने परीक्षानळीत तंतुमय जाळे बांधतात असे दाखविले. १९९७ मध्ये क्रमावरून जी अपेक्षा केली होती, ती अशा रीतीने त्याच संशोधकाच्या हयातीत व हातून फळास आली.

अस्तराचे कार्य केवळ आकार राखणे एवढेच नाही, हेही आता स्पष्ट झाले आहे. २०१९ मध्ये क्राउन-१ हे प्रथिन क्रोमॅटिनाचे काही भाग परिघाशी बांधून ठेवते असे दिसले. २०२० मध्ये साकामोतो व सहकाऱ्यांनी तांब्याच्या अतिरेकास तोंड देणाऱ्या जनुकांची केंद्रकातील जागा अस्तरावर अवलंबून असते असे दाखविले. अस्तरातील प्रथिने कमी झालेली रोपे रोगाची लागण नसतानाही सॅलिसिलिक अम्लाद्वारे चालणारी संरक्षणयंत्रणा चालू करतात, हा २०१९ मधील निष्कर्षही याच दिशेचा आहे. पात्र व द्रव्य असा जो भेद आरंभी उल्लेखिला, तो येथे पुसट होतो.

मग लॅमिन आणि क्राउन यांचे नाते काय? २०१६ मध्ये कोरेनी व फील्ड यांनी अनेक जीवकुलांतील क्रम ताडून असा निष्कर्ष काढला की, लॅमिन ही प्रथिने समजुतीपेक्षा पुष्कळ प्राचीन असून सर्व सकेंद्रक जीवांच्या समान पूर्वजातही असावीत. वनस्पतींचे अस्तर-प्रथिन मात्र वनस्पतींच्याच शाखेपुरते मर्यादित आहे. निद्रारोगास कारण होणाऱ्या ट्रिपॅनोसोमात अस्तराचे काम तिसरेच, सुमारे ४०० किलोडाल्टनांचे एक पीळदार प्रथिन करते, हे २०१२ मध्ये दिसून आले होते. किण्वात तर यांपैकी एकही प्रथिन नाही आणि तरीही त्याचे केंद्रक टिकून आहे. म्हणजे अस्तराची गरज पुष्कळांस आहे, सर्वांस नाही. आणि ज्यांस आहे त्यांनी ती एकाच कापडाने भागविलेली नाही.

पक्ष्याचा पंख व कीटकाचा पंख यांतील भेद आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास शिकवितो. कार्य एक म्हणून वंश एक मानू नये, हा नियम अवयवांच्या बाबतीत कोणी विसरत नाही. रेणूंच्या बाबतीत मात्र तो सहज विसरला जातो. कारण रेणू डोळ्यांस दिसत नाही आणि त्याच्याऐवजी आपण त्याचे नाव पाहतो. आजही या प्रथिनांस अनेक निबंधांत 'लॅमिनसदृश' असे विशेषण लावले जाते. सोय म्हणून ते चालेल. परंतु सदृश हा शब्द वाचताच वाचकाने थांबून विचारले पाहिजे की, सादृश्य कार्याचे आहे, बांधणीचे आहे की वंशाचे, आणि लेखकाने त्यांपैकी नेमक्या कशाचा पुरावा दिला आहे. गाजराच्या केंद्रकात जे आहे ते गाजराच्या केंद्रकावरूनच कळले; उंदराच्या यकृताने प्रश्न सुचविला, उत्तर दिले नाही.